वाचकांचे प्रश्न : नौकेतून आतषबाजी पाहताना

संध्याकाळच्या नौकाविहारातून आतषबाजी पाहण्याविषयी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे : नौका आतषबाजीच्या किती जवळ जाते? आमच्या मते या प्रश्नाचा रोखच थोडा चुकलेला आहे. म्हणून त्याचे उत्तर सर्वांत आधी आणि काहीसे विस्ताराने देत आहोत.

प्रश्न : आम्ही पहिल्यांदाच असा नौकाविहार करणार आहोत. एक नौका ‘अगदी आतषबाजीच्या खाली’ नेण्याचे आश्वासन देते, तर दुसरी बरीच दूर थांबते. भाडे जवळजवळ सारखेच आहे. कोणती निवडावी?

उत्तर : दूर थांबणारी निवडावी. त्याची कारणे समजून घेतली, तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतील.

आकाशात फुटणारे शोभेचे गोळे जाड नळ्यांतून वर उडवले जातात, आणि गोळ्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे तो साधारण १०० फूट उंची गाठतो, असा या व्यवसायातील ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ६ इंची गोळा सुमारे ६०० फुटांवर, म्हणजेच १८० मीटरच्या आसपास फुटतो. आता नौका गोळे ज्यावरून उडवतात त्या पाण्यातील तराफ्यापासून १५० मीटरवर उभी असेल, तर तो गोळा पाहण्यासाठी मान ५० अंशांनी वर करावी लागेल. पाच मिनिटांत मानेला रग लागेल आणि डेकवर छत असेल, तर निम्मी आतषबाजी त्या छताआड जाईल. तीच नौका ५०० मीटरवर थांबली, तर हा कोन २० अंशांवर येतो आणि खुर्चीला पाठ टेकून, मान न ताणता सारे काही पाहता येते.

दुसरे कारण पाण्यातील प्रतिबिंबाचे आहे, आणि नौकेतून आतषबाजी पाहण्याचे खरे सुख आम्हाला तरी तेथेच वाटते. शांत पाण्यात गोळा क्षितिजाच्या जितका वर फुटलेला दिसतो, तितकेच त्याचे प्रतिबिंब क्षितिजाच्या खाली दिसते. त्यामुळे फार जवळून पाहणाऱ्याला प्रतिबिंबासाठी ५० अंश खाली, म्हणजे जवळजवळ नौकेच्या कठड्यालगत वाकून पाहावे लागते, आणि तेथे पाण्याऐवजी शेजाऱ्याचे गुडघेच दिसण्याची शक्यता अधिक. शिवाय पाणी तिरप्या प्रकाशाला अधिक परतवते. पृष्ठभागाशी २० अंशांचा कोन करून येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे १३ टक्के परत फिरतो, तर ५० अंशांचा कोन करून येणाऱ्यापैकी जेमतेम अडीच टक्के. दूर थांबलेल्या नौकेतून प्रतिबिंब नुसते सोयीच्या जागी पडते असे नाही, ते कितीतरी उजळही दिसते. पाणी किंचित हलत असेल, तर त्या प्रतिबिंबाचे उभे, लांब, थरथरणारे पट्टे होतात. आरशासारख्या स्थिर पाण्यापेक्षा हे दृश्य आम्हाला अधिक आवडते, पण हा आवडीचा प्रश्न झाला.

‘अगदी खाली’ नेण्याचे आश्वासन देणाऱ्याच्या हातात ती गोष्ट बहुधा नसतेही. उडवण्याच्या जागेभोवती सुरक्षिततेचे वर्तुळ आखलेले असते. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षेच्या मानकात गोळ्याच्या प्रत्येक इंचामागे किमान ७० फूट मोकळी जागा सोडावी, असा दंडक आहे. या हिशेबाने १२ इंची गोळ्यासाठी अडीचशे मीटरहून अधिक अंतर सोडावे लागते. जाहिरातीत काहीही लिहिलेले असले, तरी नौकेला त्या वर्तुळाबाहेरच थांबावे लागते.

तेव्हा तिकीट घेताना ‘किती जवळ’ असे न विचारता ‘वाऱ्याच्या कोणत्या अंगाला थांबणार’ असे विचारावे. वारा नौकेकडून आतषबाजीकडे वाहत असेल, तर धूर पलीकडे जातो आणि प्रत्येक गोळा काळ्या आकाशावर स्वच्छ उमटतो. वारा उलटा असेल, तर पहिल्या काही मिनिटांनंतर नुसता रंगीत धूर दिसतो, आणि वर राख व जळक्या पुठ्ठ्याचे तुकडे अंगावर येतात ते वेगळेच. वारा अजिबात नसणे हेही चांगले नव्हे, कारण मग धूर जागीच साचतो आणि शेवटचा, सर्वांत मोठा भाग त्यातच बुडून जातो. जाणता कप्तान या प्रश्नाने सुखावतो. ज्याला प्रश्नच कळत नाही, त्याची नौका आम्ही तरी सोडून देऊ.

प्रश्न : वरच्या डेकचे तिकीट महाग आहे. ते घेण्यात अर्थ आहे का? जेवणासहित तिकीट घ्यावे का?

उत्तर : वरचा डेक उघडा असेल, तर अर्थ आहे. खालच्या मजल्यावरील बंद दालनात काचेमागे बसून पाहणे हा शुद्ध तोटा आहे, कारण आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब त्या काचेवर पडते आणि आपण आतषबाजीऐवजी स्वतःलाच पाहत बसतो. मात्र नौका जितकी उंच, तितके तिचे डोलणे वर अधिक जाणवते आणि वाराही तेथे अधिक लागतो. म्हणून वर बसणाऱ्यांनी एखादे उबदार वस्त्र जवळ ठेवावे. किनाऱ्यावर हवा पडलेली असली, तरी ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या नौकेवर तितकाच वारा सतत तोंडावर येत असतो.

जेवणाविषयी एकच सावधगिरी सांगतो. जेवण आतषबाजीच्या आधी वाढतात की चालू असताना, हे विचारून घ्यावे. हातात ताट, समोर टेबल आणि डोक्यावर दिवा असताना आकाशाकडे पाहणे जमत नाही. आतषबाजी सुरू होण्याआधी डेकवरचे दिवे मालवतात का, हेही त्याच वेळी विचारावे. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि शेजाऱ्याच्या मोबाइलच्या एका झगमगाटाने ती मोडते.

आणखी एक गोष्ट कोणी विचारलेली नाही, तरी सांगणे भाग आहे. पहिला बार उडाला की सारी मंडळी एकाच बाजूच्या कठड्याकडे धावतात आणि नौका त्या बाजूला कलते. नौकेवरील कर्मचारी ‘जागेवर बसा’ असे ओरडतात, तेव्हा ते शिस्तीचा बडेजाव करत नसतात. चांगला कप्तान मध्यावर नौका सावकाश फिरवतो आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना दृश्य देतो. त्याची वाट पाहावी.

प्रश्न : गोळा फुटलेला दिसतो आणि आवाज नंतर येतो. नौकेवर लावलेल्या संगीताशी आतषबाजी जुळवलेली आहे असे सांगतात, पण मग धडाका तालात का येत नाही?

उत्तर : हवेचे तापमान २० अंश सेल्सिअस असताना आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद लागतात. प्रकाशाला लागणारा वेळ नगण्य असतो. गोळा फुटलेला दिसताच सेकंद मोजायला सुरुवात करावी आणि आवाज येताच थांबून त्या आकड्याला ३४३ ने गुणावे. जे उत्तर येईल ते त्या गोळ्यापासूनचे अंतर. मुलांना हा खेळ फार आवडतो.

संगीताची जुळणी डोळ्यांसाठी केलेली असते, कानांसाठी नव्हे. गोळ्याला वर जायला काही सेकंद लागतात, म्हणून तो त्या ठेक्याच्या तितका आधी उडवतात, जेणेकरून फूल नेमके ठेक्यावर उमलावे. धडाका मात्र प्रत्येक प्रेक्षकापर्यंत त्याच्या त्याच्या अंतराप्रमाणे पोहोचतो, त्याला कोणी काही करू शकत नाही. आमची सूचना अशी की शक्य असल्यास ध्वनिवर्धकापासून दूर बसावे. पाण्यावर आवाज अडवायला झाडे नसतात, घरे नसतात. शिवाय संध्याकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असली, तर आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबवर स्पष्ट ऐकू येतो. मोठ्या गोळ्याचा धडाका अशा वेळी छातीत जाणवतो, आणि त्यावर संगीत कशासाठी हवे, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. आम्ही नौकेतून पाहिलेल्या आतषबाजीत लाल आणि हिरवा रंग झगझगीत होता, पण निळा फिका वाटला. आम्ही लांब होतो म्हणून असे झाले का?

उत्तर : तुझे निरीक्षण अचूक आहे, पण मुख्य दोष अंतराचा नाही. गोळ्यातल्या लहान लहान गोळ्यांना ‘तारे’ म्हणतात आणि त्यांत घातलेल्या धातूंच्या संयुगांमुळे रंग येतो. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, सोडियमचा पिवळा, तर अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि टायटॅनियम यांचा झगझगीत पांढरा. निळा रंग तांब्याच्या क्लोराइडपासून मिळतो, आणि ते संयुग फार तापले की मोडते. ज्योत गार ठेवली, तर प्रकाश मंद पडतो, आणि तापवली, तर निळेपणाच जातो. त्यामुळे गडद, तेजस्वी निळा तारा करून दाखवणे हे या कलेतील सर्वांत अवघड कामांपैकी एक मानले जाते. मधल्या धुराने आणि दमट हवेनेही निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा अधिक विखुरतो, तेव्हा अंतराचाही थोडा वाटा आहे, असे म्हणता येईल. पुढच्या वेळी निळे गोळे सुरुवातीला, धूर कमी असताना, पाहून ठेव. शेवटी झाडाच्या फांद्यांसारख्या सोनेरी रेषा खाली ओघळताना दिसतात, त्या बहुधा कोळशाच्या जळत्या कणांच्या असतात. त्या बराच वेळ टिकतात, म्हणून पाण्यातले त्यांचे प्रतिबिंबही निवांत पाहता येते.

प्रश्न : तिपाई वापरूनही नौकेवरून काढलेली माझी सर्व छायाचित्रे हललेली आली. काय चुकले?

उत्तर : तिपाईच चुकली. जमिनीवर आतषबाजीसाठी तिपाई, १०० आयएसओ आणि दोन ते चार सेकंदांचे एक्स्पोजर हा उत्तम मार्ग आहे, परंतु नौकेवर तिपाई ज्या डेकवर उभी असते, तो डेकच हलत असतो. इंजिनाची थरथर तिच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात जाते आणि एकेका ठिणगीची नागमोडी अळी होते. नौकेवर कॅमेरा हातात धरणे अधिक बरे, कारण शरीर थोडेफार धक्के गिळते. कठड्यावर कोपर टेकू नये, दोन्ही कोपरे बरगड्यांशी घट्ट धरावीत. आयएसओ ८०० ते १६००, भिंगाचे छिद्र शक्य तितके मोठे, आणि एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाहून कमी ठेवावे. रेषा आखूड येतील, परंतु त्या रेषा असतील. फोकस अनंतावर ठेवून स्वयंचलित फोकस बंद करावा आणि इंजिन थांबलेले असेल ती मिनिटे साधावीत.

मोबाइलवर छायाचित्राऐवजी चित्रफीत घ्यावी. मोबाइलमधील रात्रीची सोय अनेक चौकटी एकत्र जोडते आणि नौका डोलत असताना तीत सगळे पुसट होते. फ्लॅश मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद ठेवावा. काहीशे मीटरवरील गोळ्याला त्याचा काही उपयोग नाही, आणि सुकाणू धरणाऱ्याच्या डोळ्यांवर तो पडला, तर त्याला पुढची काही मिनिटे अंधारातील लहान होड्या दिसणार नाहीत. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवलेला असू द्यावा. पाण्यात पडलेल्या वस्तूंची चौकशी करणारी पत्रेही आम्हाला येतात, आणि त्यांना आमच्याकडे उत्तर नसते.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना बोट लागते. त्यांना नेणे योग्य होईल का? सोबत दोन वर्षांचा नातूही आहे.

उत्तर : सासूबाईंचा त्रास नौका चालताना कमी आणि थांबल्यावर अधिक होण्याची शक्यता आहे, हे आधी लक्षात घ्यावे. चालती नौका बऱ्यापैकी स्थिर राहते, परंतु आतषबाजीसाठी थांबलेली नौका इतर नौकांच्या लाटांवर आडवी डोलू लागते, आणि तेव्हाच अंधारात क्षितिजही दिसत नसते. त्यांना नौकेच्या मध्यभागी, शक्यतो खालच्या परंतु उघड्या भागात बसवावे. नजर किनाऱ्यावरील एखाद्या स्थिर दिव्यावर ठेवण्यास सांगावे आणि इंजिनाच्या धुरापासून दूर ठेवावे. पोट रिकामेही नसावे आणि भरगच्चही नसावे. बोट लागण्यावरील औषध त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. ते आधी घ्यावे लागते आणि त्याने झापड येते. त्यांचे वय पाहता आधीच्या औषधांबरोबर ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारूनच द्यावे. नौका धक्क्यावरून निघाली की मधेच उतरता येत नाही. याआधी त्यांना तासाभराच्या प्रवासातही उलट्या झाल्या असतील, तर त्यांच्यासाठी किनाऱ्यावरील जागा शोधणे अधिक प्रेमाचे ठरेल.

नातवाविषयी दोन गोष्टी. क्षणिक धडाक्याच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांकरिता १४० आणि मुलांकरिता १२० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, त्यामुळे दूर थांबणारी नौका येथेही बरी. तरीही कान पूर्ण झाकणारे, मुलांच्या मापाचे रक्षक घालावेत. कापसाचे बोळे पुरत नाहीत. ते रक्षक घरी आठवडाभर आधी खेळात घालून सवय करावी, नाहीतर पहिल्या बाराला ते पाण्यात भिरकावले जातील. दुसरी गोष्ट जीवरक्षक जाकिटाची. ते मुलाच्या वजनाप्रमाणे असावे आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा त्याला असावा, कारण तो नसेल, तर पाण्यात जाकीट वर सरकते आणि मूल खाली राहते. नौकेवर या मापाचे जाकीट आहे का, हे निघण्याच्या आधीच्या दिवशी दूरध्वनीवर विचारावे, धक्क्यावर पोहोचल्यावर नव्हे.

प्रश्न : वारा वाढल्यामुळे आतषबाजी रद्द झाली, पण नौका फिरवून आणली आणि पैसे परत दिले नाहीत. हे योग्य आहे का?

उत्तर : आपल्या तिकिटावर काय छापलेले आहे, त्यावर ते अवलंबून आहे. अनेकदा आपण आतषबाजीचे नव्हे, तर नौकाविहाराचे तिकीट घेतलेले असते, आणि आतषबाजी करणारी संस्था वेगळी असते. जोराचा वारा, दाट धुके किंवा खाली उतरलेले ढग असले, तर आतषबाजी थांबवणेच योग्य असते. तिकीट घेण्यापूर्वी ‘आतषबाजी रद्द झाली तर’ आणि ‘नौका रद्द झाली तर’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे.

प्रश्न : पाण्यावरील आतषबाजीने मासे आणि पक्षी यांना त्रास होत नाही का? मला हे पाहताना अपराधी वाटते.

उत्तर : होतो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील एका तळ्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आतषबाजीनंतरच्या १४ तासांत पाण्यातील परक्लोरेट या रसायनाचे प्रमाण नेहमीच्या २४ ते १,०२८ पट झाल्याचे आढळले, आणि ते पूर्ववत होण्यास २० ते ८० दिवस लागले. नेदरलँड्समध्ये हवामानाच्या रडारवरून केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षअखेरच्या मध्यरात्री आतषबाजी सुरू होताच हजारो पक्षी पाणथळ जागा सोडून सुमारे ५०० मीटर उंचीपर्यंत उडाल्याचे आणि किमान पाऊण तास हवेतच राहिल्याचे दिसले. वाहत्या, खोल पाण्यात रसायने लवकर पातळ होतात, तळ्यात साचतात. पक्ष्यांच्या विणीच्या काळात पाणथळ जागेजवळ होणारी आतषबाजी आम्ही स्वतः टाळू. आपला अपराधभाव अनाठायी नाही. तो आपल्याला आतषबाजी कोठे आणि केव्हा होते, हे विचारायला लावत असेल, तर बरेच आहे.

प्रश्न : आमची स्वतःची लहान मोटारहोडी आहे. रात्री तीच घेऊन जावे असे वाटते. काय काळजी घ्यावी?

उत्तर : जाण्यापेक्षा परतणे अवघड असते. शेवटचा बार झाला की सर्व नौका एकदम निघतात, पाणी चहूबाजूंनी उसळते आणि डोळे अजून झगमगाटाने दिपलेले असतात. आपण नांगर टाकून वीस मिनिटे, हवे तर अर्धा तास, तेथेच थांबावे. होडीचे दिवे आधी तपासून घ्यावेत : डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा. समोरून येणाऱ्या नौकेचा लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले, तर ती सरळ आपल्याकडे येत आहे असे समजावे आणि वेळ न घालवता आपल्या उजवीकडे वळावे. होडीतील प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घातलेले असावे. ते बाकाखाली ठेवलेले असून चालणार नाही. परतताना पाण्यावर तरंगणारा, न फुटलेला गोळा दिसला, तर त्याला वल्ह्यानेही ढोसू नये. ओल्या गोळ्याची दारू आत कोरडी असू शकते. जागा लक्षात ठेवून तटरक्षकांना किंवा बंदराच्या अधिकाऱ्यांना कळवावे आणि होडी दूर घ्यावी.